सीपॅप मास्क लावून झोपण्याची सवय: नव्या रुग्णांसाठी क्रमवार मार्गदर्शन

झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडण्याच्या विकाराचे, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचे निदान झाले की डॉक्टर मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लिहून देतात, विक्रेत्याचा माणूस घरी येऊन थोड्या वेळात ते जोडून दाखवतो आणि निघून जातो. त्यानंतर मास्कमधून हवा गळू लागते, नाक चोंदते, पोटात हवा भरते, आणि विचारायचे कोणाला हेच कळत नाही. मी स्वतः सीपॅप वापरतो आणि या टप्प्यातून गेलो आहे. यंत्र सोसत नाही म्हणून कपाटात ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण यंत्राची नसते, मास्कचे माप, दाबाची मांडणी किंवा हवेतील ओलावा यांपैकी एखाद्या गोष्टीची असते, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक त्रासाला शोधता येण्याजोगे कारण असते, आणि ते शोधण्याचा क्रम पुढे दिला आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीपॅप ऑक्सिजन देत नाही आणि तुमच्या वतीने श्वासही घेत नाही. झोपेत सैल पडून मिटणारा घसा उघडा राहावा म्हणून ते खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबाने नाकातून आत ढकलत राहते. करोनाच्या काळात अतिदक्षता विभागातील बायपॅप या श्वसनयंत्राविषयी ऐकलेल्या कुटुंबांना हे यंत्र पाहून धास्ती वाटते. घरातील सर्वांना हा फरक पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

१. कागदपत्रे आणि साहित्य

यंत्र विकत घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर पुढील गोष्टी एका फायलीत लावून ठेवाव्यात.

• झोपेच्या तपासणीचा, म्हणजे स्लीप स्टडीचा संपूर्ण अहवाल. केवळ शेवटचे निष्कर्षाचे पान पुरेसे नाही.
• दाब ठरवण्यासाठी केलेल्या चाचणीचा, म्हणजे टायट्रेशनचा अहवाल, तो झाला असल्यास.
• डॉक्टरांची चिठ्ठी, जिच्यावर यंत्राचा प्रकार आणि दाब किंवा दाबाची मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे.
• यंत्राचा अनुक्रमांक असलेले पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड.
• मास्कचे नाव, प्रकार आणि माप. मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, म्हणजे कुशन, बदलताना हीच माहिती लागते आणि नेमकी तीच कोणी लिहून ठेवत नाही.

अहवालात एएचआय हा आकडा शोधावा. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा लक्षणीय उथळ झाला, हे तो सांगतो. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी एएचआय सामान्य समजतात, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. पुढे यंत्र जो आकडा दाखवील, त्याची तुलना याच आकड्याशी करायची असल्याने तो लक्षात ठेवावा.

साहित्यात यंत्र, हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर, नळी, मास्क, जादा फिल्टर, डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबण एवढे पुरते. ओझोन वायू सोडून मास्क ‘निर्जंतुक’ करणारी वेगळी उपकरणे घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्येच त्यांच्याविषयी सावधगिरीची सूचना दिलेली आहे.

२. यंत्र घेताना

ठरावीक दाबाचे सीपॅप, गरजेनुसार दाब कमी-जास्त करणारे ऑटो सीपॅप आणि श्वास घेताना व सोडताना वेगवेगळे दाब देणारे बायपॅप, असे तीन मुख्य प्रकार आहेत. कोणता घ्यायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, विक्रेत्याने नव्हे.

ऑटो सीपॅपबाबत एक सापळा सर्रास आढळतो. यंत्र ४ ते २० सेंटीमीटर पाणी (हे दाब मोजण्याचे एकक) या पूर्ण मर्यादेवर ठेवूनच रुग्णाच्या हाती दिले जाते. इतक्या मोकळ्या मर्यादेत सुरुवातीला दाब अपुरा पडून गुदमरल्यासारखे वाटू शकते आणि मध्यरात्री तो इतका चढू शकतो की मास्क गळू लागतो. पहिल्या आठवड्यातील नोंदी पाहून डॉक्टरांकडून ही मर्यादा अरुंद करून घ्यावी.

शक्य असल्यास आधी भाड्याने घ्यावे. अनेक शहरांतील विक्रेते ही सोय देतात. जुने यंत्र घेण्याचा मोह होत असेल, तर फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने जून २०२१ मध्ये लाखो यंत्रे परत मागवली होती हे ध्यानात ठेवावे. त्यांतील आवाज कमी करणारा पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण हवेच्या मार्गात येण्याचा धोका होता. अनुक्रमांक पडताळल्याशिवाय जुने यंत्र घरात आणू नये.

आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये घरी वापरण्याच्या यंत्राचा खर्च धरलेला नसतो, म्हणून विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. केंद्र सरकारच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांनी खरेदी करण्यापूर्वीच परवानगीची चौकशी करावी. खरेदी झाल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

३. मास्कची निवड

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. यंत्र निवडताना लोक महिनाभर विचार करतात आणि मास्क मात्र डब्यात आलेला तोच वापरतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ही उपचारपद्धती प्रथम वापरली, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांना मास्क दररोज रात्री चेहऱ्याला चिकटवून घ्यावा लागे. आज शेकडो आकारांचे मास्क मिळतात, तेव्हा चुकीच्या मापाचा मास्क सोसत राहण्याचे काहीच कारण नाही.

नेझल मास्क नाक झाकतो. नेझल पिलो नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. फुल फेस मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकतो. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना सरसकट फुल फेस मास्क दिला जातो, परंतु अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साधारणपणे नाकाच्या मास्कला पसंती दिलेली आहे. फुल फेस मास्क जबड्याला मागे रेटू शकतो, त्याला दाब अधिक लागू शकतो आणि त्याची कड मोठी असल्याने गळतीच्या जागाही वाढतात. नाक चोंदलेले असल्यामुळेच तोंड उघडत असेल, तर आधी नाकावर उपचार करून घेणे श्रेयस्कर ठरते. नाक खरोखरच बंद राहत असेल, तर मात्र फुल फेस मास्कला पर्याय नाही.

मास्क बसवून पाहताना पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

• मास्क आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून आणि शक्यतो तुमच्या उपचाराच्या दाबावर तपासावा. आडवे झाल्यावर गालांची ठेवण बदलते, त्यामुळे दुकानात खुर्चीवर बसून अचूक वाटलेला मास्क रात्री गळू लागतो.
• पाठीवर आणि दोन्ही कुशींवर प्रत्येकी काही मिनिटे पडून पाहावे.
• कवळी काढून झोपत असाल, तर माप घेतानाही ती काढलेली असावी.
• दाढी असल्यास फुल फेस मास्क नीट बसणे कठीण जाते. केवळ मिशा असणाऱ्यांना नेझल पिलो बऱ्याचदा सोयीच्या पडतात.
• काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे हूक असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर असा मास्क घेऊ नये आणि डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

मास्क गळू लागला की पट्टे आवळायचे, ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते. मास्कची सिलिकॉनची कड आतल्या हवेने फुगून चेहऱ्याला चिकटते. पट्टे फार आवळले की तिला घड्या पडतात आणि गळती वाढते, शिवाय नाकाच्या हाडावर वळ उठतात ते वेगळेच. योग्य रीत अशी की यंत्र सुरू असताना मास्क चेहऱ्यापासून किंचित ओढून धरावा, कड फुगू द्यावी आणि मग अलगद पुन्हा टेकवावा. पट्टे हवा अडेल इतपतच घट्ट ठेवावेत.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. मास्कच्या पुढच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांमधून सतत हवा बाहेर येत असते. ती गळती नव्हे. तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तेथूनच बाहेर जातो. वारा अंगावर येतो किंवा आवाज होतो म्हणून ही छिद्रे चिकटपट्टीने कधीही बंद करू नयेत, आणि पांघरूणही त्यांच्यावरून ओढून घेऊ नये.

४. रात्रीआधी दिवसाचा सराव

तोंडावर काही बांधून झोपण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांना लिफ्टमध्ये किंवा बंद खोलीत घाबरायला होते, त्यांनी हा टप्पा अजिबात वगळू नये.

प्रथम यंत्र न जोडता मास्क हाताने चेहऱ्यावर धरावा आणि नको वाटताच काढावा. आपल्याला तो कधीही काढता येतो, ही खात्री मनाला पटणे आवश्यक असते. मग यंत्र सुरू करून, पट्टे न लावता, मास्क नाकाशी धरून संथपणे श्वास घ्यावा. नाकाचा मास्क असेल तर तोंड मिटलेले ठेवावे, कारण तोंड उघडताच नाकातून शिरलेली हवा तोंडावाटे भसकन बाहेर पडते आणि पहिल्यांदा दचकायला होते. त्यानंतर पट्टे लावून दूरदर्शन पाहत किंवा वाचत अर्धा-पाऊण तास बसावे. हे सवयीचे झाले की दुपारच्या वामकुक्षीला मास्क लावून पाहावा. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता ओसरेपर्यंत थांबावे. कोणी दोन दिवसांत पुढे सरकतो, कोणाला दोन आठवडे लागतात, आणि दोन्ही ठीकच आहे.

वीज गेली तर गुदमरू, अशी शंका जवळपास प्रत्येकाला येते. फुल फेस मास्कला हवेचा पुरवठा थांबताच उघडणारी झडप असते आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. दिवसा, जागेपणी, घरातील कोणाला तरी बटण बंद करायला सांगून हे एकदा अनुभवून घ्यावे. फुल फेस मास्क वापरणाऱ्यांनी मात्र उलटी होत असल्यास तो लावू नये, आणि ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्यांनी तो देखरेखीशिवाय वापरू नये.

५. पहिल्या काही रात्री

नेहमीच्या वेळेपेक्षा लवकर आडवे होऊन झोपेची वाट पाहू नये. झोप येऊ लागल्यावरच मास्क लावावा. त्याआधी चेहरा धुऊन कोरडा करावा. क्रीम किंवा केसांना लावलेले तेल कपाळावर उतरले, की सिलिकॉनची कड घसरते आणि लवकर खराबही होते. तेल लावायचे असल्यास ते सकाळी अंघोळीपूर्वी लावावे.

रॅम्प ही सोय वापरावी. तिच्यामुळे यंत्र कमी दाबावर सुरू होते आणि हळूहळू ठरलेल्या दाबापर्यंत चढते. मात्र काही जणांना ४ सेंटीमीटरवर हवाच पुरत नाही असे वाटते आणि ते दाब जास्त झाला असे समजून घाबरतात. अशा वेळी रॅम्पचा आरंभ ५ किंवा ६ पासून करून घेतला की बरे वाटते. श्वास सोडताना समोरून हवेचा रेटा जाणवत असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवणारी सोयही बहुतेक यंत्रांत असते. ती सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी किंवा तंत्रज्ञाशी बोलावे.

झोपेत नकळत मास्क काढून टाकला जाणे फार सामान्य आहे. जाग येताच चिडचीड न करता तो पुन्हा लावावा. ‘आज चार तास झाले, आता पुरे’ असे मात्र करू नये. चार तासांचा निकष अमेरिकेतील विम्याच्या नियमांतून रूढ झाला आहे आणि तो किमान आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, आणि अनेक रुग्णांचा श्वास तिच्यातच जास्त वेळा अडतो. पहाटे मास्क काढून ठेवणारा रुग्ण त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी उपचाराविना राहतो.

घोरणे पहिल्याच रात्री थांबू शकते. दिवसाची पेंग आणि थकवा कमी होण्यास मात्र काहींना आठवडे लागतात. पेंग ओसरेपर्यंत लांब पल्ल्याचे वाहन चालवू नये. मद्य घसा आणखी सैल करते, आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

६. तक्रारीवरून कारण ओळखणे

तोंड कोरडे पडणे: बहुधा तोंड उघडे राहून हवा निसटत असते. ओलावा वाढवून पाहावा, हनुवटीचा पट्टा वापरून पाहावा आणि तरीही फरक न पडल्यास मास्कचा प्रकार बदलावा. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा उपाय समाजमाध्यमांवर सांगितला जातो, पण डॉक्टरांच्या संमतीशिवाय तो करू नये.

नाक चोंदणे किंवा शिंका येणे: थंड, कोरड्या हवेच्या माऱ्यामुळे असे होते. ह्युमिडिफायरची उष्णता वाढवावी, झोपण्यापूर्वी सलाइनचा फवारा मारावा. जलनेती करणाऱ्यांनी उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे, नळाचे पाणी थेट नाकात घालू नये. तक्रार टिकून राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण नाकाचे हाड वाकडे असणे किंवा अ‍ॅलर्जी हे मूळ कारण असू शकते.

डोळे लाल होणे: मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांकडे जाते. माप बदलावे किंवा कपाळाकडील पट्टा जुळवावा.

पोट फुगणे, ढेकर येणे: हवा गिळली जाते. रात्रीचे जेवण लवकर करावे, डोक्याकडील बाजू थोडी उंच करावी, कुशीवर झोपावे. त्रास चालूच राहिल्यास दाब फेरतपासण्याची गरज आहे असे समजावे.

मास्कमध्ये पाणी साचणे: वातानुकूलित खोलीत नळीतील उबदार, ओलसर हवा थंड होऊन तिचे थेंब बनतात. नळीला कापडी खोळ घालावी, ओलावा एक पायरी कमी करावा किंवा गरम राहणारी नळी घ्यावी. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील कोरडा हिवाळा यांना एकच मांडणी चालत नाही, म्हणून ऋतू बदलला की ओलाव्याची पायरीही बदलावी.

७. पाणी, जागा आणि स्वच्छता

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात, आणि बोअरच्या पाण्याने तर टाकीच्या तळाशी लवकर पांढरा थर बसतो. गाड्यांच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी औषधी वापरासाठी तयार केलेले नसते, म्हणून ते टाळावे. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी कोरडी करावी. यंत्र हलवण्यापूर्वी टाकी आधी काढावी, अन्यथा पाणी यंत्रात शिरते.

यंत्र गादीच्या पातळीपेक्षा खाली असावे, म्हणजे नळीतील पाणी चेहऱ्याकडे येत नाही. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांनी टाकी कमाल रेषेच्या बरीच खाली भरावी आणि यंत्र सपाट, धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावे. हवा आत घेण्याच्या जागेवर पडदा किंवा चादर येऊ देऊ नये. यंत्र खोलीतली हवाच तुमच्या फुप्फुसात पाठवते, म्हणून झोपण्याच्या खोलीत डासांची कॉइल, धूप किंवा अगरबत्ती लावू नये. त्याऐवजी मच्छरदाणी वापरावी.

मास्कची कड रोज पुसावी किंवा धुवावी, नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. डेटॉलसारखी उग्र वासाची द्रव्ये, स्पिरिट किंवा ब्लीच वापरू नये. फिल्टर करडा दिसू लागला की बदलावा. जवळ बांधकाम सुरू असल्यास तो लवकर बदलावा लागतो.

८. वीज आणि प्रवास

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर खंड पडतो आणि काही यंत्रांत बटण पुन्हा दाबावे लागते. तुमचे यंत्र कसे वागते ते पाहून ठेवावे. बॅटरीवर चालवताना ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केल्यास विजेचा खप बराच घटतो. ज्या गावी भारनियमन आहे, तेथे कंपनीने मान्य केलेली बॅटरी घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

विमानात यंत्र सोबतच्या सामानात घ्यावे, टाकी रिकामी असावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. लग्नाकार्याला किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाला जाताना संकोचापोटी यंत्र घरी ठेवून जाणे योग्य नाही.

९. नोंदी वाचणे आणि डॉक्टरांकडे परत जाणे

यंत्रातील कार्डावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर तीन गोष्टी पाहाव्यात: वापराचे तास, गळती आणि एएचआय. रोज सकाळी आकड्यांनी अस्वस्थ होण्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी. गळती जास्त असेल, तर एएचआयवरही विश्वास ठेवता येत नाही, म्हणून आधी मास्क ठीक करावा आणि मग इतर आकड्यांचा विचार करावा. डॉक्टरांसाठी असलेल्या मेनूत शिरून स्वतः दाब बदलू नये.

पुढील परिस्थितीत नेहमीच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे: मास्क न गळताही एएचआय सातत्याने ५ च्या वर राहणे, पुरेसे तास वापरूनही दिवसा झोप येणे, नोंदींत मेंदूकडून संकेत न आल्याने श्वास थांबण्याचे, म्हणजे सेंट्रल अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढलेले दिसणे, वजनात मोठा फरक पडणे, नाकातून वारंवार रक्त येणे. कान, सायनस किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर यंत्र पुन्हा कधी सुरू करायचे, हे शल्यचिकित्सकांना विचारावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्निया असल्याचे आधीच सांगावे आणि रुग्णालयात दाखल होताना आपले यंत्र व मास्क सोबत न्यावेत, कारण भुलीचा अंमल उतरत असताना घसा मिटण्याचा धोका वाढतो.